सावलीच्या माथी फोडलेले खापर

हनीसकलची वेल सावलीत लावू नये, लावली तर तिला फुले येणार नाहीत, आणि फुलेच येणार नसतील तर ती लावायचीच कशाला, असा सल्ला ब्रिटनमधल्या बागप्रेमींना सर्रास दिला जातो. रोपवाटिकेतल्या कुंडीला लावलेल्या पट्टीवर पिवळ्या सूर्याचे चित्र असते. घरामागचा परस उत्तरेला असलेला माणूस ते चित्र बघतो आणि नेचे किंवा आयव्ही घेऊन परततो. सल्ला न जुमानता कोणी वेल लावलीच आणि दोन उन्हाळ्यांत तिला फूल आले नाही, की दोष कोणाचा हे आधीच ठरलेले असते. हा निवाडा चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे, आणि तो दोन ठिकाणी चुकतो. हनीसकल ही उन्हाची वेल आहे हे त्याचे गृहीतक वेलीच्या जगण्याशी जुळत नाही. आणि फुलांची संख्या हे वेलीच्या यशाचे एकमेव माप आहे, हे दुसरे गृहीतक तर कोणी तपासूनच पाहिलेले नाही. माझे सारे म्हणणे ब्रिटनच्या रानात आपोआप वाढणाऱ्या हनीसकलबद्दल आहे. शास्त्रीय नाव लोनिसेरा पेरिक्लिमेनम. आपल्याकडे कुंपणावर चढणाऱ्या, पांढऱ्याची गुलाबी आणि गुलाबीची लाल होणाऱ्या फुलांच्या मधुमालतीशी तिचे कुळाचे नाते नाही. मधुमालतीला खरोखरच ऊन लागते, आणि तिच्याबाबत मी हा वाद घालणार नाही. पण लंडन, लेस्टर, मँचेस्टरच्या आसपास घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या परसाला हा प्रश्न थेट भिडतो. तिथल्या रांगेतल्या घरांचा परस रस्त्याच्या विरुद्ध बाजूला असतो, आणि तो उत्तरेला येणार की दक्षिणेला, हे घर घेणाऱ्याच्या हातात क्वचितच असते.

सुरुवात वेलीच्या मूळ घरापासून करू. इंग्लंडच्या दक्षिणेत जुनी पानझडी राने आहेत. वर ओक, त्याखाली हेझलची झुडपे आणि हेझलच्या खोडांना वेटोळे घालून चढलेली हनीसकल, अशी त्यांची रचना. ही जोडी इतकी जुनी आणि इतकी परिचित आहे की बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने ट्रिस्टनच्या प्रेमकथेवरच्या आपल्या काव्याला हनीसकलचेच नाव दिले आणि तिने हेझलला घातलेली मिठी त्या दोन प्रेमिकांचे प्रतीक केली. हेझल हे मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारे झुडूप. म्हणजे त्याच्या खोडाला बिलगलेली वेलही आयुष्याचा मोठा भाग छायेतच काढते. अशा रानात जमिनीवर पाहिले तर हनीसकलच्या कितीतरी फांद्या पाचोळ्यावर आडव्या पसरलेल्या, पेरापेरांतून मुळे सोडत सरकताना दिसतात. त्यांना फुले नसतात. त्या मेलेल्या नसतात, आजारीही नसतात. आधार मिळेपर्यंत, किंवा एखादे झाड पडून वर उजेडाची खिडकी उघडेपर्यंत, त्या तग धरून असतात. ज्या वनस्पतीने वाट पाहण्याची इतकी तयारी अंगी बाणवली आहे, तिला सावलीत न जगणारी म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

इथे एक गोष्ट सावलीवर बोलणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. हनीसकलला पालवी फार लवकर फुटते. दक्षिण इंग्लंडमध्ये जानेवारीच्या अखेरीस, फेब्रुवारीत तिची निळसर हिरवी पाने जोडीजोडीने उघडू लागतात, तेव्हा बाकीचे रान अजून उघडेबोडके असते. ओकला पाने यायला एप्रिल संपत येतो, कधी मे उजाडतो. म्हणजे वर्षातले जवळजवळ तीन महिने या वेलीच्या पानांच्या आणि आकाशाच्या मधे फक्त काटक्या असतात. हिवाळ्याच्या शेवटाचा तो उजेड कोवळा असतो, पण फेब्रुवारी ते एप्रिल दिवस झपाट्याने मोठा होतो आणि वेल ती वाढ पुरेपूर वापरून घेते. बाग मे-जूनमध्ये पाहून जो तिला सावलीची म्हणतो, त्याने त्या जागेचे अर्धेच वर्ष पाहिलेले असते. पानझडी झाडाखालची सावली हंगामी असते. सदाहरित झाडाखालची सावली बारमाही असते. हनीसकलच्या दृष्टीने या दोन जागा वेगळ्या आहेत, आणि ‘सावलीची बाग’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबणारा सल्ला मुळातच ढोबळ आहे. परसात सफरचंद, बर्च किंवा हेझल असेल तर वेलीला वसंत मिळतो. यू, होली किंवा लेलँडी सायप्रसची भिंत असेल तर मिळत नाही. प्रश्न विचारायचा तो झाड कोणते, हा. तो न विचारता दिलेले उत्तर कोणाच्याच कामाचे नाही.

आता उत्तरेच्या भिंतीकडे वळू, कारण विरोधकांचा सगळ्यात मोठा आधार तीच आहे. उत्तरेला तोंड असलेल्या भिंतीला ब्रिटनमध्ये ऊन मिळत नाही, असे गृहीत धरले जाते. हिवाळ्यात ते अगदी खरे आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनीही खरे आहे, कारण तेव्हा सूर्य नेमका पूर्वेला उगवून दक्षिणेकडून फिरून पश्चिमेला मावळतो. पण २१ जूनच्या आसपास हिशेब बदलतो. लंडन सुमारे साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. तिथे त्या दिवसांत सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवलेला सूर्य सकाळी सव्वाआठ उलटून जाईपर्यंत पूर्वेच्या रेषेच्या उत्तरेलाच असतो. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास तो पश्चिमेची रेषा ओलांडून पुन्हा उत्तरेकडच्या बाजूला येतो आणि सव्वानऊपर्यंत तिथेच राहतो. क्षितिज मोकळे असेल तर उत्तरेच्या भिंतीला त्या दिवशी सात तासांच्या आसपास तिरपे ऊन मिळते. शेजारचे घर, कुंपण, झाडे यांनी त्यातले कितीतरी अडते, हे मान्य. पण अर्धे अडले तरी तीन-साडेतीन तास उरतात, आणि हे कोणत्या दिवसांत? नेमके हनीसकल फुलते त्याच दिवसांत, जून ते ऑगस्ट. हा सूर्याचा खेळ महाराष्ट्रातल्या वाचकाला नवा नाही. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून आपल्याकडे उत्तरेच्या भिंतीला त्या काळात भर दुपारीही ऊन लागते. लंडनमध्ये दुपारी ते मिळत नाही, सकाळ-संध्याकाळ मिळते, एवढाच फरक. उत्तरेची भिंत म्हणजे अंधारी भिंत, हे समीकरण होकायंत्र पाहून मांडलेले आहे, आकाश पाहून नव्हे.

इथवर मी सावलीची बाजू घेतली, म्हणून सावलीतली हनीसकल उन्हातल्या वेलीइतकीच फुलते असा माझा दावा आहे असे कोणी समजू नये. ती तितकी फुलत नाही. फूल घडवायला साखर लागते, साखर घडवायला उजेड लागतो, आणि ज्या वेलीला उजेड कमी तिच्या कळ्या कमी. दाट, बारमाही सावलीत ती अनेक वर्षे नुसती पाने काढत राहते. ‘पाय सावलीत, डोके उन्हात’ हा इंग्रज बागवानांचा जुना नियम या अर्थाने खोटा नाही. वेल वर चढते ती उजेडासाठीच. माझा आक्षेप हा नियम अर्धा वाचण्याला आहे. ‘डोके उन्हात’ हे सगळे लक्षात ठेवतात, ‘पाय सावलीत’ हे विसरतात, आणि मग विटांच्या दक्षिणाभिमुख भिंतीच्या पायथ्याशी, जिथे उन्हाळ्याच्या दुपारी माती भुकटी होते, तिथे हनीसकल लावली जाते. त्या वेलीचे पुढे काय होते ते आता पाहू, कारण खरा आरोपी तिथेच सापडतो.

भिंतीच्या पायथ्याला पाऊस पोहोचत नाही. वारा पावसाच्या सरी तिरप्या करतो, छपराची वळचण उरलेले पाणी पन्हाळीत घेते, आणि पायातल्या विटा आजूबाजूची ओल शोषतात. म्हणूनच कोणतीही वेल भिंतीला चिकटून न लावता तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर दूर लावून तिरपी भिंतीकडे वळवावी, असे जाणकार सांगतात. मोठ्या झाडाखाली गोष्ट आणखी बिकट. पाऊस वरचा पाला अडवतो आणि जो खाली येतो तो झाडाची मुळे पिऊन टाकतात. हनीसकल ही रानातल्या कुजलेल्या पाचोळ्याच्या, ओलसर, पोकळ मातीची सवय असलेली वेल. मुळाशी कोरड पडली की तिच्या पानांवर पांढरी भुरी धरते, पाने आकसतात, गळतात. उन्हातल्या भिंतीवर मावाही जोरात वाढतो. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर मावा बसला की कळ्या उमलण्याआधीच वेड्यावाकड्या होऊन वाळतात, पाने चिकट होतात आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. म्हणजे फुले न येण्याचे एक ठळक कारण उन्हातल्या, कोरड्या जागेतच जास्त आढळते. तरीही दक्षिणेच्या भिंतीवरची वेल फुलली नाही तर माणूस माव्याला किंवा हवामानाला दोष देतो, आणि उत्तरेच्या परसातली फुलली नाही तर सावलीला. एकाच लक्षणाची दोन निदाने होतात, आणि रोग कोणता हे जागा पाहून ठरते. सावली आणि कोरड या दोन गोष्टी ब्रिटनच्या बागांमध्ये इतक्या वेळा एकत्र सापडतात की एकीचा गुन्हा दुसरीच्या नावावर लिहिला गेला आहे. वेलीच्या बुंध्याशी कुजलेल्या पानांच्या खताचे चांगले पाच-सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घाला, पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आळे भरून पाणी द्या, आणि मग सावलीबद्दल बोला. त्याआधी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

कात्रीचाही यात वाटा आहे. रानटी हनीसकल आदल्या वर्षी वाढलेल्या फांद्यांतून निघणाऱ्या आखूड फुटव्यांवर फुलते. फुलून झाल्यावर, उन्हाळ्याच्या शेवटी, फुललेल्या फांद्या साधारण एक तृतीयांश कमी करायच्या, ही तिची छाटणी. सावलीतली वेल लांब, हडकुळ्या फांद्या सोडते. त्या पसाऱ्याने वैतागलेला माणूस मार्चमध्ये बाग आवरताना त्या सपासप छाटतो. जूनमध्ये ज्यांच्यावर फुले यायची होती त्याच फांद्या कचऱ्यात जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशा वेलीला फूल येणे शक्यच नसते, ती उत्तरेला असो की दक्षिणेला. उन्हातली वेल जोमाने वाढत असल्याने एखादी चूक पचवते. सावलीतली हळू वाढते, तिला तीच चूक दरवर्षी सोसवत नाही. सावलीत वेलीला अधिक जपावे लागते, हा निष्कर्ष यातून निघतो. सावलीत वेल लावूच नये, हा निघत नाही. नत्राचे खत भरभरून घालणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते: त्याने पाने वाढतात, आणि ज्याला फुलांची घाई आहे त्याची फुले आणखी लांबतात.

सल्ला देणाऱ्यांचा आणखी एक दोष म्हणजे सगळ्या हनीसकल एका दावणीला बांधणे. लोनिसेरा या प्रजातीत शंभराहून जास्त जाती आहेत, वेली आहेत तशी झुडपेही आहेत. हिवाळ्यात फुलणारी सुगंधी झुडुपी हनीसकल चांगली फुलायला ऊन मागते, हे खरे. पण चीनमधून आलेली लोनिसेरा ट्रॅगोफिला ही मोठ्या पिवळ्याधमक फुलांची वेल छायेतच खुलते. तिच्यापासून झालेली टेलमॅनियाना ही संकरित वेल नारिंगी फुलांनी अंधारा कोपरा उजळते. या दोन्हींना सुगंध नाही, हे विकत घेण्याआधी माहीत असलेले बरे. लोनिसेरा पिलियाटा हे बुटके सदाहरित झुडूप तर ब्रिटनच्या सार्वजनिक बागांमध्ये झाडांखालची जमीन झाकायलाच वापरतात. ज्याला सुगंध हवा आणि सावलीही चुकवता येत नाही, त्याने रानटी हनीसकल किंवा तिचीच ‘ग्रॅहम थॉमस’ नावाची, वॉरिकशरच्या कुंपणात सापडलेली फिकट पिवळी निवड घ्यावी. झाडाचे नाव न सांगता ‘हनीसकलला ऊन लागते’ म्हणणाऱ्याने काहीच सांगितलेले नसते.

पण माझा मुख्य मुद्दा याच्याही पुढचा आहे. समजा सगळी काळजी घेतली आणि तरीही सावलीतल्या वेलीला मोजकीच फुले आली. मग ती वेल फसली का? ब्रिटनच्या रानात व्हाइट अ‍ॅडमिरल नावाचे फुलपाखरू आहे, लिमेनायटिस कॅमिला. गडद तपकिरी पंखांवर पांढरा पट्टा, आणि झाडांच्या फांद्यांमधून तरंगत जाण्याची त्याची ढब पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. त्याचे सुरवंट तिथे हनीसकलच्या पानांवरच वाढतात. आणि मादी अंडी घालायला कोणती वेल निवडते? उन्हात बहरलेली, दाट, फुलांनी लगडलेली वेल ती सोडते. छायेत लोंबणारी, विरळ, अशक्त वाटणारी फांदी शोधते आणि पानाच्या कडेला एकेक अंडे ठेवते. सुरवंट शरद ऋतूत पानाचा एक तुकडा रेशमाने देठाला बांधतो, त्याचीच घडी करून आत हिवाळा काढतो आणि वसंतात पुन्हा खायला लागतो. विसाव्या शतकात दक्षिण इंग्लंडमधली हेझल ठरावीक वर्षांनी मुळापासून तोडण्याची जुनी पद्धत मागे पडली. राने दाट आणि अंधारी झाली. उघड्या, उन्हाच्या रानाची अनेक फुलपाखरे त्यामुळे घटली, पण व्हाइट अ‍ॅडमिरल त्याच काळात पसरले, कारण छायेतली हनीसकल वाढली होती. गेल्या काही दशकांत ते पुन्हा कमी होत आहे. अशा वेळी बागेच्या कोपऱ्यातल्या अशक्त वेलीकडे पाहून ‘हिला फुले नाहीत, उपटून टाका’ म्हणणे म्हणजे जी गोष्ट दुर्मिळ होत चालली आहे नेमकी तीच टाकून देणे आहे.

डॉर्माउसचेही तेच. सोनेरी तपकिरी रंगाचा, झुपकेदार शेपटीचा, रात्री हिंडणारा हा छोटा प्राणी ब्रिटनमध्ये कायद्याने संरक्षित आहे. तो हनीसकलची सुटी, धाग्याधाग्यांनी निघणारी साल सोलून तिचे घरटे विणतो. साल जुन्या, जाड झालेल्या खोडाची लागते, आणि तशी खोडे नेमकी त्या वेलींवर असतात ज्यांना वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही, ज्यांचा खालचा भाग उघडा, काष्ठमय झालेला आहे. बागवान ज्याला बेढब म्हणतो ते खोड या प्राण्याच्या घराचे सामान आहे. प्रत्येक परसात डॉर्माउस येईल किंवा व्हाइट अ‍ॅडमिरल अंडी घालील, असे मी म्हणत नाही. त्यांना जवळपास रान लागते, आणि शहराच्या मध्यावर ते नसते. पण पतंगांना तेवढी अट नाही. हनीसकलचे ताजे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा ते पांढरट असते, वास अंधार पडू लागला की तीव्र होतो, आणि लांब सोंडेचे हॉकमॉथ पतंग त्या वासाचा माग काढत येतात. पराग पडल्यावर फूल पिवळे होते. लांब नळीच्या तळाशी असलेला मधुरस दिवसा येणाऱ्या बहुतेक किड्यांच्या आवाक्याबाहेर असतो. ही सगळी देवघेव रात्रीची आहे. पन्नास झुबक्यांऐवजी दहा झुबके उमलले तरी दहा झुबक्यांपुरती ती पुरी होते, आणि अंगणात संध्याकाळी बसणाऱ्याला वासही पोहोचतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा: हनीसकल झाडांना आवळते. वनीकरण करणाऱ्यांनी विसाव्या शतकात ती याच कारणाने कापून काढली. कोवळ्या झाडाला तिचे वेटोळे पडले की खोड वाढताना त्यात रुतते आणि मळसूत्रासारखी खाच पडते. लाकूड विकणाऱ्याच्या दृष्टीने ते नुकसानच. चार्ल्स डार्विनने चढणाऱ्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे की इंग्लंडच्या वेटोळे घालणाऱ्या वेलींपैकी झाडाभोवती चढताना त्याला फक्त हनीसकल दिसली, आणि तीही सुमारे साडेचार इंच व्यासाच्या कोवळ्या बीचवर. यातच उत्तर आहे. धोका बारीक खोडाला आहे. पुरुषभर घेराच्या जुन्या ओकला किंवा सफरचंदाला ती वेटोळे घालू शकत नाही. फार तर ती खालच्या फांद्यांवरून वर जाते. तेव्हा नव्याने लावलेल्या रोपाशेजारी हनीसकल लावू नये, हे बरोबर. जुन्या झाडाशी लावायला हरकत नाही. आणि हेझल हे तर असे झुडूप आहे की त्याची वेटोळलेली खोडे हातकाठ्या करणारे मुद्दाम शोधतात.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. सावलीतली वेल खाली उघडी राहते आणि फुलते ती वर, छपराजवळ, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर. खरे आहे. यावर उपाय वेलीच्या स्वभावातच आहे. फांदी सरळ वर जाऊ दिली की सगळा जोर शेंड्याकडे जातो. तीच फांदी भिंतीवर ताणलेल्या आडव्या तारांवर तिरपी, जवळजवळ आडवी बांधली की तिच्या पेरापेरांतून फुटवे निघतात, आणि फुले त्या फुटव्यांवरच येतात. खालच्या उघड्या भागापुढे नेचे लावावे. त्याने वेलीचे पायही गार राहतात. याला थोडे कष्ट पडतात. पण उन्हातली बाग कष्टावाचून होते असे कोणी म्हणत नाही, मग सावलीच्या बागेकडूनच ती अपेक्षा का ठेवायची? फळांबद्दलही विचारले जाते. शरदात पिकणारी लाल फळे माणसाला बाधतात, म्हणून रांगते मूल असलेल्या घरात ती खुडून टाकावीत. थ्रश आणि बुलफिंच पक्षी ती आवडीने खातात.

तिसरा आक्षेप मात्र असा आहे की त्यापुढे मी थांबतो. सावली सोसणारी वेल म्हणजे आक्रमण करणारी वेल नव्हे काय? जपानी हनीसकलच्या बाबतीत उत्तर ‘होय’ असेच आहे. लोनिसेरा जपोनिका १८०६ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आणली गेली. १८६२ मध्ये डॉ. जॉर्ज हॉल यांनी जपानहून तिचा अधिक जोमदार वाण आणला, जो आजही हॉलच्या नावाने ओळखला जातो. पुढे मातीची धूप थांबवायला आणि रानटी प्राण्यांना आसरा म्हणून ती अमेरिकेत मुद्दाम लावली गेली. ती तिथे बरीचशी पाने हिवाळाभर टिकवते, म्हणून झाडे निष्पर्ण असतानाही अन्न बनवत राहते. सावलीत वर्षानुवर्षे दबून राहते आणि एखादे झाड पडले की रान झाकून टाकते. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तिच्या विक्रीला बंदी आहे. म्हणून न्यू जर्सी, न्यूयॉर्क, बॉस्टनकडच्या मराठी घरांना माझे सांगणे वेगळे आहे. इंग्लंडची रानटी हनीसकलही तिथे नेऊ नका, आणि जपानी तर नकोच. तिथली देशी लोनिसेरा सेम्परव्हायरन्स लावा. तिला सुगंध नाही, सावलीत ती कमी फुलते, पण तिच्या लाल नळ्यांवर हमिंगबर्ड येतात आणि ती तिथल्या रानाला गिळत नाही. माझा युक्तिवाद सावली सोसणाऱ्या प्रत्येक वेलीच्या बाजूने नाही. जी वेल ज्या रानातली, त्या रानाशेजारच्या सावलीच्या बागेत तिला जागा द्या, एवढाच तो आहे. ब्रिटनमध्ये रानटी हनीसकल ही परकी पाहुणी नाही. घरे बांधण्यासाठी राने तोडली गेली तेव्हा ती तिथूनच हटवली गेली.

तेव्हा ब्रिटनमधल्या ज्या वाचकांच्या परसात सावली आहे आणि तिथे एखादी न फुललेली हनीसकल उभी आहे, त्यांना एक विनंती. ती उपटण्याआधी बुंध्याशी वीतभर खणून पाहा. माती कोरडी निघाली तर पाणी आणि पाचोळ्याचे खत घाला. गेल्या मार्चमध्ये तिच्यावर कात्री चालवली असेल तर येत्या मार्चमध्ये चालवू नका. वरचे झाड यू किंवा सायप्रस असेल तर वेल हलवायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर आहे, तेव्हा ती हेझलच्या किंवा सफरचंदाच्या बाजूला न्या. आणि नवी लावली असेल तर तिला तीन जून पाहू द्या.